दांडीवरचा भार : होडी रस्त्यावरून ओढताना

होडी पाण्यावर का तरंगते, हे तुम्ही आर्किमिडीजचे तत्त्व आठवून झटकन सांगाल. पण तीच होडी चाकांच्या ट्रेलरवर चढवली, मोटारीच्या मागे जोडली आणि ताशी 90 किलोमीटर वेगाने ओढू लागलो, तर कोणते नियम लागू होतील?

अमेरिकेत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. तेथील तळ्यांत ‘बास’ नावाचा गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडण्याचा छंद फार लोकप्रिय आहे. त्यासाठी उथळ पाण्यात जाणाऱ्या खास वेगवान होड्या असतात. लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे होम्स थर्मंड याने 1948 मध्ये बांधलेली ‘स्कीटर’ ही अशा होड्यांतली पहिली मानली जाते. होडी घरी ठेवायची आणि सुटीच्या दिवशी ट्रेलरवरून तळ्यावर न्यायची, ही तेथील रीत.

माझा भाचा टेक्सासात राहतो. एकदा तो मित्रासह लेक फोर्क या जलाशयावरून परतत होता. रस्त्याला उतार लागला, वेग वाढला आणि मागचा ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागला. पाहता पाहता मोटारीची मागची बाजूही हलू लागली. मित्राने ब्रेक दाबला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवले. वेग उतरला तसे झोके थांबले. उतरून पाहतात तो काय, मासे जिवंत ठेवण्याच्या मागील टाकीतले पाणी सोडायचे राहून गेले होते आणि बहुतेक सामानही मागेच रचलेले होते!

एवढ्याशा चुकीने असे का व्हावे? थोडे गणित करू.

ट्रेलरच्या पुढच्या दांडीचे टोक मोटारीच्या मागे बसवलेल्या एका गोळ्यावर टेकते. समजा, होडी, इंजिन आणि ट्रेलर मिळून वस्तुमान 1500 किलोग्रॅम आहे, गोळ्यापासून चाकांच्या आसापर्यंतचे अंतर 5 मीटर आहे आणि गुरुत्वमध्य आसाच्या पुढे 0.5 मीटरवर आहे. आसाभोवती परिबले घेतली, तर गोळ्यावरचा भार 1500 × 0.5 ÷ 5 = 150 किलोग्रॅम येतो. म्हणजे एकूण भाराच्या 10 टक्के. हा भार साधारण 10 ते 15 टक्के असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आता आसाच्या मागे 1 मीटरवर असलेल्या टाकीत 120 लिटर पाणी भरा. त्याचे वस्तुमान 120 किलोग्रॅम. आसाच्या मागे 1.5 मीटरवर 80 किलोग्रॅम सामान ठेवा. दोहोंमुळे गोळ्यावरचा भार प्रत्येकी 24 किलोग्रॅमने घटतो. उरले 102 किलोग्रॅम. एकूण भार मात्र 1700 झाला. प्रमाण उतरले 6 टक्क्यांवर! आपल्याकडे बैलगाडी मागून जड झाली की उलाळते, जू वर उचलले जाते. गाडीवान म्हणूनच भार थोडा पुढे ठेवतो. नियम तोच आहे.

पण ट्रेलरची दांडी तर वर उचलली गेली नव्हती. मग झोके कशाने आले? येथे क्रिकेटची बॅट आठवा. चेंडू एका विशिष्ट जागी लागला, तर हातांना झटका बसत नाही. या जागेला आघात-केंद्र म्हणतात. हाताकडून मोजले, तर ती गुरुत्वमध्याच्या थोडी पलीकडे असते. ट्रेलरचा गोळा म्हणजे बॅटची मूठ. ट्रेलर किंचित वळला की रस्ता टायरांना आडवे ढकलून त्याला परत ओळीत आणतो. आस आघात-केंद्राजवळ, म्हणजे गुरुत्वमध्याच्या थोडा मागे असेल, तर या धक्क्याने गोळ्यावर जवळजवळ काहीच आडवा जोर येत नाही. पण भार मागे सरकला की गुरुत्वमध्य आसाकडे सरकतो, आणि टायरांचा प्रत्येक धक्का गोळ्यामार्फत मोटारीला बाजूला ढकलू लागतो. मोटार हलली की ती ट्रेलरला पुन्हा हलवते. झोके वाढतात ते असे.

यात वेगाचा वाटा मोठा आहे. आडव्या हालचालीला टायर किती विरोध करतात, हे आडवा वेग आणि पुढचा वेग यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. पुढचा वेग दुप्पट झाला, की झोके शमवणारा विरोध निम्मा होतो. म्हणून वेग कमी करणे हाच खरा उपाय. मोटारीचा ब्रेक जोराने दाबला, तर मागचा ट्रेलर आपल्या जडत्वाने तिला ढकलतो आणि तिरपा होऊन तिला फिरवूही शकतो.

देखभालीतही भौतिकी आहेच. लांबच्या प्रवासात चाकांची बेअरिंगे तापतात. तळ्यावर पोहोचताच ट्रेलर पाण्यात उतरवला, की चाकाच्या तुंब्यातली हवा एकदम थंड होते. समजा, तापमान 70 अंश सेल्सियसवरून 20 अंशांवर आले. निरपेक्ष तापमानात हे 343 वरून 293 केल्विन. बंद जागेतला दाब त्याच प्रमाणात, सुमारे 15 टक्क्यांनी, घटतो. मग झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते, ग्रीस खराब होते आणि बेअरिंग गंजते. यासाठी जाणकार लोक चाके थोडी निवू देतात आणि ग्रीस वेळच्या वेळी बदलतात.

आता एक प्रयोग करा. 30 सेंटिमीटरची लाकडी पट्टी गुळगुळीत टेबलावर ठेवा. तिचे शून्याकडचे टोक म्हणजे आपला गोळा. प्रथम 15 च्या खुणेवर पट्टीला आडवी, चटकन टिचकी मारा. शून्याकडचे टोकही टिचकीच्या दिशेने सरकेल. मग 28 च्या खुणेवर मारा. ते टोक उलट दिशेने जाईल. आता 20 च्या खुणेवर मारा. टिचकी बसते त्या क्षणी ते टोक जवळजवळ जागच्या जागीच राहील. हेच पट्टीचे आघात-केंद्र. शेवटी 10 च्या खुणेवर टिचकी मारून पाहा आणि भाच्याच्या मित्राची मोटार का हलली, ते तुम्हीच सांगा.