डिस्कला झोपवण्याआधी

वसमतच्या मोंढ्यात हळदीची आवक सुरू झाली की अडत दुकानांतल्या कॉम्प्युटरला उसंत नसते. अशाच एका दुकानातून बोलावणं आलं. "भाऊ, पट्टी काढायला बसलं की मशीन मधीच थांबायलंय, आतून आवाज बी यायलाय." मशीन लिनक्सवरचं, आत साधी फिरती हार्ड डिस्क. ती गेली, असं सगळे धरूनच चाललेले. कान लावला तर डिस्क थांबायची, टक् व्हायचं, परत घरघरत फिरू लागायची आणि तोवर पडद्यावरची पावती गोठलेली.

लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर जास्त टिकावा म्हणून कुणीतरी एचडीपार्म या लिनक्सच्या कमांडने डिस्कची झोपेची वेळ लावून दिली होती. आकडा होता 2. दोन मिनिटं समजून टाकला असावा. पण तिथला एक आकडा म्हणजे 5 सेकंद, त्यामुळे 2 म्हणजे 10 सेकंद. 20 मिनिटांसाठी 240 लिहावं लागतं आणि 241 लिहिलं की एकदम अर्धा तास. इकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर दर मिनिटाला काहीतरी लिहून ठेवायचं. दिवसरात्र चालू मशीनला या दिवसाला 1,440 उठाबशा. डिस्क थांबताना तिचं वाचणारं-लिहिणारं हेड बाजूला सरकतं. बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकात असे 3 लाख फेरे धरलेले असतात. या हिशेबाने ते सात महिन्यांत संपतात.

आणि वीज वाचते किती? मोठ्या आकाराची डिस्क नुसती फिरत असताना 5 वॅटच्या आसपास घेते, झोपली की एखादा वॅट. महिनाभर अखंड झोपली तरी 3 युनिट. दुकानातला 9 वॅटचा बल्ब विझवलेला बरा!

डिस्क झोपवायची लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, स्वतःची सोय वेगळी आहे. 2013 च्या 3.10 आवृत्तीत ती आली. शेवटचं काम संपल्यावर कर्नल ठरलेला वेळ वाट पाहतो, डिस्कच्या कॅश मेमरीतलं सगळं तबकडीवर उतरवायला लावतो, मग थांबायचा हुकूम देतो. नवं काम आलं की ते रांगेत धरून आधी डिस्क जागी करतो. डेटा जात नाही, काही सेकंद जातात. मुळात ही सोय बंदच असते. पॉवर कंट्रोल 'ऑटो' करून ऑटोसस्पेंडची वेळही द्यावी लागते, नुसतं 'ऑटो' केल्याने काही होत नाही. एचडीपार्मचं घड्याळ मात्र डिस्कच्या आत चालतं, कर्नलला त्याचा पत्ता नसतो. दोन्ही एकदम लावू नका.

ज्या डिस्कवर सिस्टिम आहे तिला झोपवूच नका. रात्री एकदाच बॅकअप घेणारी दुसरी डिस्क असेल तर तिला खुशाल अर्धा तास लावा, पण आधी तिला कोण कोण उठवतं ते बघा. तब्येत तपासणारं स्मार्टचं सॉफ्टवेअरसुद्धा तिला जागं करू शकतं. झोपलेली असेल तर सोडून दे, असं त्याला सांगावं लागतं.

त्या दुकानात सिस्टिम एसएसडीवर नेली, जुनी डिस्क बॅकअपला ठेवली. तुमची डिस्क टकटक करत असेल, तर नवी घेण्याआधी मेकॅनिकला स्मार्टमधला 193 नंबरचा, लोड सायकलचा आकडा दाखवायला सांगा आणि आठवड्याने तो किती वाढला ते परत बघा.