'केन्शी'मध्ये माझा भिडू सारखा मार का खातो?

प्रश्न : 'केन्शी' नुकताच सुरू केला. माझा भिडू प्रत्येक मारामारीत आडवा होतो. लढाईची कौशल्यं लवकर कशी वाढवू?

उत्तर : 'लो-फाय गेम्स'च्या 2018मधल्या या खेळात कौशल्यं वापरानेच वाढतात, गुण साठवून वाटून देता येत नाहीत. मार खाणं हाही इथे सरावच.

सरावाचा पुतळा सुरुवातीच्या पातळीपुरताच कामाचा. पुढचं शिक्षण खऱ्या शत्रूकडून. 'हब' या गावाच्या आसपास फिरणारे भुकेले दरोडेखोर, म्हणजे 'हंग्री बँडिट्स', अशक्त असतात आणि त्यांची हत्यारंही साधी असतात. आधी त्यांनाच गाठा. त्यांची पलटण मोठी असेल, तर वेशीवर पहारेकरी असलेल्या गावाकडे धावत त्यांना ओढून न्या.

'ब्लॉक' चालू केलं की भिडू वार करत नाही, फक्त अडवतो. त्यातून बचाव वाढतो. चिवटपणा, म्हणजे 'टफनेस', जखमांतून वाढतो. भिडू मेल्याचं सोंग घेऊन पडला असेल आणि शत्रू जवळच असतील, तेव्हा त्याला मुद्दाम उठवलंत तर चिवटपणा आणखी वाढतो. मात्र रक्तस्राव जोरात असेल, तर हा मोह टाळा.

ताकद वाढवायला लोखंडाच्या खनिजाने पाठपिशवी गच्च भरून चालवा.

दोघं तरी भिडू ठेवा. एक लढेल, दुसरा प्रथमोपचाराची पेटी घेऊन लांब थांबेल. आणि चोचवाल्या 'बीक थिंग्ज'च्या वाटेला सध्या जाऊ नका. त्या पडलेल्या भिडूला खाऊ लागतात.