कोकणकड्यावरचा सूर्यास्त : बोटांनी मोजायचा एक पाठ



हिवाळा आला की शाळांच्या सहली ठरायला लागतात. हल्ली मुलंच सांगतात, "सर, सनसेट पॉइंटला जाऊ या." हरकत काहीच नाही. उंच कातळावर बसून मावळता सूर्य बघणं हा मोठा आनंद आहे आणि त्यात विज्ञान-भूगोलाचा एक अख्खा पाठ दडलेला आहे. पण सूर्यास्त बघून झाल्यावर परत यायची वाट अंधाराची असते, हे आपण मोठी माणसंही विसरतो. मीही विसरलो होतो. म्हणून हा लेख.

जागेची ओळख

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या हद्दीला लागून आहे. गडावर हरिश्चंद्रेश्वराचं कोरीव मंदिर, केदारेश्वराची पाण्याने भरलेली गुहा आणि तारामती शिखर आहे. मुलांना घेऊन जायचं तर पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी. मुलांच्या चालीने अडीच-तीन तासांत मंदिरापाशी पोचता येतं. तिथून पठारावरून पश्चिमेला साधारण अर्धा तास चाललं की एकदम पुढची जमीनच संपते. तो कोकणकडा.

नुसता सरळ तुटलेला कडा नाही हा. अर्ध्या वाटीसारखा आत वळलेला, काही ठिकाणी तर पोटात गेलेला. समोर, सुमारे हजार मीटर खाली, मुरबाड तालुक्यातली गावं काडेपेट्यांसारखी दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपला सह्याद्री तयार झाला. कड्याच्या अंगावर आडव्या रेघा दिसतात ते हेच थर. पाठ्यपुस्तकातल्या 'बेसॉल्ट' या शब्दाला इथे डोळ्यांदेखत अर्थ येतो.

सूर्य मावळताना काय काय दाखवाल?

कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळ इथली. मुलांना पुढच्या गोष्टी बघायला सांगा. मात्र सूर्य तांबडा आणि मंद झाल्याशिवाय त्याच्याकडे थेट बघायचं नाही, हा नियम आधी.

पहिली गोष्ट रंगाची. क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश दुपारपेक्षा कितीतरी जास्त हवेतून येतो. वाटेत निळा प्रकाश विखरून जातो आणि आपल्यापर्यंत तांबडा-नारिंगी उरतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकली की घड्याळ लावा आणि वरची कड दिसेनाशी झाली की थांबवा. आपल्या अक्षांशावर हे सव्वादोन ते अडीच मिनिटांत आटोपतं. मुलांना हे खरंच वाटत नाही. "एवढ्यात गेला?" असं हमखास ऐकू येतं. (क्षितिजावर धुरकट असेल तर सूर्य आधीच पुसट होतो, मग हा प्रयोग जमत नाही.)

तिसरी गोष्ट गमतीची. सूर्य क्षितिजाला टेकलेला आपल्याला दिसतो तेव्हा प्रत्यक्षात तो क्षितिजाखाली गेलेला असतो! वातावरणामुळे प्रकाश वाकतो आणि आपल्याला त्याची प्रतिमा उचललेली दिसते.

चौथी गोष्ट दिशेची. "सूर्य पश्चिमेला मावळतो" हे वाक्य वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास, तंतोतंत खरं असतं. डिसेंबरात इथून तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो. होकायंत्र नेलंत तर मुलं स्वतः मोजतील.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दोन शिक्षक सातवी-आठवीची चौदा मुलं घेऊन गडावर गेलो होतो. मी एका पुस्तकात वाचलं होतं, की हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटं आडवी धरायची. एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं, चार बोटं म्हणजे एक तास. मंदिराजवळच्या उंचवट्यावरून मोजलं, तर चार बोटं बसली. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "अजून तास आहे. चहा घेऊ, मग निघू."

चहा झाला, गप्पा झाल्या. पठारावरून रमतगमत कड्यावर पोचतो न पोचतो, तर सूर्य टेकलेला. मुलांनी जेमतेम बघितला. मुलं हिरमुसली म्हणून मी म्हटलं, "थांबा, आता रंग बघू." रंग सुंदर होते, नाही म्हणणार नाही. पण उठलो तेव्हा पायाखालचं दिसेनासं झालं होतं. चौदा मुलांत चालणाऱ्या बॅटऱ्या तीन. पठारावर कारवीची दाटी, ओढ्यांच्या वाटा आणि ढोरवाटा सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या. एका ठिकाणी थांबून मोजलं तर तेरा.

ती पाच मिनिटं मी आजही विसरलेलो नाही. कडा आमच्या मागेच होता. हाका मारल्या, उत्तर नाही. मग मागच्या वळणावर बॅटरी हलताना दिसली. आम्ही ज्यांच्याकडे जेवण सांगितलं होतं ते पाचनईचे मामा आम्हाला उशीर झाला म्हणून दुसऱ्या वाटेने शोधत आले होते आणि त्यांच्या हाताला धरून आमची सातवीतली मुलगी. बुटाची नाडी बांधायला ती खाली बसली होती. मान वर केली तर पुढे कोणीच नाही. शहाणी, जागची हलली नव्हती.

मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गुरुजी, हितं दिस टेकला की लगेच अंधार पडतोय. निघायचं ते उजेडात."

चार बोटांचा हिशेब कुठे चुकला?

घरी आल्यावर कागद घेऊन बसलो. हे गणित आठवी-नववीच्या वर्गात जरूर घ्या.

हात लांब केल्यावर एक बोट आकाशात साधारण २ अंश झाकतं. (लहान मुलांचं बोट बारीक, पण हातही आखूड. म्हणून उत्तर जवळजवळ तेच येतं.) पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. पण सूर्य क्षितिजाकडे सरळ उतरतो की तिरका, हे आपण कोणत्या अक्षांशावर आहोत त्यावर ठरतं. युरोपसारख्या उत्तरेकडच्या प्रदेशात तो तिरका, घसरत उतरतो. त्यामुळे तेवढंच अंतर उतरायला वेळ जास्त लागतो. आपण १९-२० अंश उत्तरेला राहतो. इथे सूर्य बराचसा उभा खाली येतो, ऋतूनुसार तासाला सुमारे १३ ते १४ अंश. म्हणजे एका बोटाला आठ ते दहा मिनिटं. चार बोटं म्हणजे तास नव्हे, पस्तीस ते चाळीस मिनिटं.

संधिप्रकाशाचंही तेच. सूर्यास्तानंतर वाट नीट दिसेल असा उजेड आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. झाडीत तर त्याहून कमी. दूरच्या देशातला आडाखा आपल्या डोंगरावर मी तपासून न बघता वापरला आणि तोही चौदा मुलांच्या भरवशावर.

सकाळीही जा

मुक्काम असेल तर त्याच कड्यावर सकाळी पुन्हा जा. सूर्योदय समोर दिसणार नाही, कारण सूर्य पाठीमागे. पण पावसाळ्याच्या सुमारास दरीत धुकं असलं आणि मागून कोवळं ऊन आलं, तर धुक्यावर आपलीच सावली आणि तिच्या डोक्याभोवती गोल रंगीत कडं दिसू शकतं. हेच इंद्रवज्र. इथल्या इंद्रवज्राचं कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने केलेलं वर्णन १८३५ मध्ये प्रसिद्ध झालं. इंद्रधनुष्यापेक्षा हे कडं पुष्कळ लहान असतं, आणि प्रत्येकाला ते आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसतं. नशीब लागतं, पण मुलांना एक गोष्ट पक्की कळते : काय दिसेल हे सूर्य कुठे आहे त्यावर ठरतं.

निघण्यापूर्वी एवढं करा

१. त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ लिहून घ्या. जागेवर निदान पाऊण तास आधी पोचा.
२. जाताना उजेडात वाटेवरच्या खुणा मुलांकडून वहीत लिहून घ्या. परतताना त्याच शोधायच्या.
३. प्रत्येक मुलाकडे स्वतःची बॅटरी. मोबाइलचा उजेड धरू नका.
४. मुलांच्या जोड्या लावा. जोडीदार थांबला की आपणही थांबायचं आणि पुढच्याला हाक द्यायची.
५. एक शिक्षक सगळ्यांत पुढे, एक सगळ्यांत मागे. दर वळणावर मोजणी.
६. काठापासून मुलं लांब बसतील. फोटो बसूनच.
७. स्थानिक वाटाड्या सोबत घ्या आणि त्याने "चला" म्हटलं की उठा.
८. चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही, हे मुलांना निघण्याआधी सांगा.

वर्गात विचारायचे प्रश्न

- तुमच्या गावातून आज सूर्य कोणत्या झाडामागे किंवा घरामागे मावळला? महिन्याभराने जागा बदलली का?
- सूर्य क्षितिजापासून दोन बोटं वर असताना घड्याळ लावा. मावळायला किती मिनिटं लागली? एका बोटाला किती?
- कोकणकड्यावर संध्याकाळी पश्चिमेच्या दरीत इंद्रवज्र का दिसणार नाही?

दुसरा प्रश्न शाळेच्या गच्चीवरूनही सोडवता येतो. पुढच्या सहलीआधी तो जरूर सोडवून घ्या. आमच्या मुलांनी गेल्या वर्षी गच्चीवर मोजलं, एका बोटाला नऊ मिनिटं आली. मग कड्यावर सूर्य टेकायला दोन बोटं उरली तशी आठवीतली एक मुलगी स्वतःच म्हणाली, "सर, अठरा मिनिटं. सगळ्यांनी बॅटऱ्या काढून ठेवा." सूर्य बुडाला तसे आम्ही लगेच उठलो आणि मंदिरापाशी पोचेपर्यंत वाट दिसत होती.