संमतीची कळ

फेसबुकावर नांव नोंदवितांना आपण संमतीची जी कळ दाबतों, ती म्हणजे करारावरील सहीच होय. त्या लांबलचक अटी वाचतो कोण? परंतु लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी लिहिणारावर, हें कलम त्यांत असतेंच. आणि सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ७९ वें कलम कंपनीला पुष्कळसें अभय देतें. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयीं एका तरुणीनें चार ओळी लिहिल्या, दुसरीनें केवळ पसंती दर्शविली. पालघरच्या पोलिसांनीं दोघींस अटक केली, कंपनीच्या कोणासही नाहीं! त्या वेळीं लाविलेलें ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरविलें. अब्रुनुकसानीचें कलम मात्र भारतीय न्याय संहितेंत आजही आहे.