नव्या बॅटरीच्या कंपन्यांची पारख

लिथियम बॅटरीतील द्रवाऐवजी घन पदार्थ वापरण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. अशा कंपनीचे शेअर घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. माल गिऱ्हाइकाच्या हाती पडला काय? शंभर नगांत निर्दोष किती निघतात? रोकड किती वर्षे पुरेल?

अमेरिकेतील क्वांटमस्केपची विक्री शून्य असताही डिसेंबर २०२० मध्ये तिचा शेअर शंभर डॉलरांवर चढला. २०२२ साली तो दहाखाली उतरला. स्वीडनच्या नॉर्थव्होल्टपाशी मागण्या पुष्कळ होत्या. परंतु उत्पादन वेळेवर न साधल्याने २०२४ साली बी.एम.डब्ल्यू.ने आपली मागणी रद्द केली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

तात्पर्य, नमुना म्हणजे माल नव्हे. परिग्रह-परिमाण मानणाऱ्या घराने, बुडाली तरी संसार अडणार नाही एवढीच रक्कम येथे गुंतवावी.