नवी धूरनळी आणि मोटारीचा पिवळा दिवा

अलीकडे आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी मोटार आली आहे आणि तिच्याबरोबर तरुण मंडळींची एक नवी हौसही आली आहे. इंजिनाची मूळची धूरनळी काढावयाची आणि तिच्या जागी बाजारात मिळणारा ‘हेडर’ बसवावयाचा. आवाज भारदस्त होतो, गाडीस जोर आल्यासारखा वाटतो. परंतु थोड्याच दिवसांत समोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक यंत्र जोडून ‘ऑक्सिजन सेन्सरचा कोड’ म्हणून सांगतो. नवा सेन्सर घातला जातो, पैसे खर्च होतात आणि दिवा पुन्हा लागतो. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात योजिला आहे. आम्ही धान्याचे व्यापारी. यंत्रविद्या हा आमचा धंदा नव्हे. तथापि वजनमापाशी आमचा संबंध जन्माचा आहे आणि हा विषय मुळात मापाचाच आहे.

पेट्रोल पुरते जळण्यासाठी त्याच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम गाडीतील संगणक करतो आणि त्याचा तराजू म्हणजे ऑक्सिजन सेन्सर होय. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ साली व्होल्वो मोटारीत प्रथम बसविला गेला. धुरात प्राणवायू अधिक उरला तर नेहमीच्या पद्धतीचा सेन्सर सुमारे ०.१ व्होल्ट दाब दाखवितो. पेट्रोल अधिक झाले तर सुमारे ०.९ व्होल्ट. त्यावरून संगणक पेट्रोल वाढवितो अथवा कमी करतो. मात्र सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावाचून त्याचे माप विश्वसनीय नसते. म्हणून त्याच्या पोटात विजेचा लहान हीटर असतो.

एक सेन्सर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असतो आणि दुसरा नंतर. पहिल्याचे माप सतत वरखाली होते. कन्व्हर्टर नीट काम करीत असेल तर दुसऱ्याचे बव्हंशी स्थिर राहते. संगणक या दोघांची तुलना करून कन्व्हर्टरची पारख करतो.

आता हेडर बसविल्यावर काय घडते ते पाहू. पुढील पाच कारणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत.

१. सांध्यातून गळती. गॅस्केट नीट बसले नाही तर धुराच्या दोन झोतांमधील क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला प्राणवायू अधिक दिसतो आणि संगणक निष्कारण पेट्रोल वाढवितो. कोड पी०१७१ म्हणजे ‘मिश्रण पातळ’ असा येतो. प्रत्यक्षात मात्र पेट्रोल जादा जळत असते.

२. सेन्सरचे स्थान दूर जाणे. लांब नळीत धूर निवतो, सेन्सर उशिरा तापतो व मंद होतो. पी०१३३ हा मंद प्रतिसादाचा कोड आहे.

३. हीटरच्या तारा. तार ताणली गेली, किंवा तापलेल्या नळीस लागून वितळली, तर पहिल्या सेन्सरचा पी०१३५ किंवा दुसऱ्याचा पी०१४१ कोड येतो.

४. जोडण्यांची अदलाबदल. दोन बाजूंस सिलिंडर असलेल्या इंजिनात डाव्या-उजव्या सेन्सरचे प्लग उलटे लागले तर संगणक एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूस सुधारू लागतो. एक बाजू पेट्रोलने भरून जाते, दुसरी कोरडी पडते.

५. कन्व्हर्टरच नाहीसा होणे. अनेक नव्या गाड्यांत तो मूळच्या धूरनळीसच जोडलेला असतो. नळी गेली की तोही गेला. मग दुसरा सेन्सर पहिल्यासारखाच हलू लागतो आणि पी०४२० कोड येतो. येथे सेन्सर खरेच बोलत असतो.

यावरून उपायाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम कोड व त्या वेळची नोंद कागदावर उतरून घ्यावी. मगच दिवा घालवावा. नंतर तारा व प्लग पाहावेत. इंजिन थंड असता सुरू करून सांध्यापाशी टिकटिक ऐकू येते काय, काजळीचे काळे पट्टे दिसतात काय, हे तपासावे. धातू तापून फुगला की हा आवाज पुष्कळदा बंद होतो. त्यानंतर हीटरचा फ्यूज व रोध मोजावा. सेन्सर बदलणे हा शेवटचा उपाय समजावा. सांधा लिंपण्यास सेन्सरला न बाधणारेच सीलंट वापरावे. साध्या सिलिकोनच्या वाफेने सेन्सर निकामी होतो.

पी०४२० वर बाजारात एक स्वस्त तोडगा मिळतो. दुसऱ्या सेन्सरखाली एक लांब नळकांडे बसवून त्याला धुराच्या झोतातून बाहेर ओढतात. माप मंदावते, दिवा विझतो आणि गिऱ्हाईक संतुष्ट होते. आमच्या धंद्यात यास तराजूला पासंग लावणे म्हणतात. कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे रूपांतर करतो. त्या वायूस ना रंग, ना वास. दिवा विझला तरी तो वायू बाहेर पडतच राहतो, आणि गळका सांधा असेल तर गाडीच्या आतही येऊ शकतो, जेथे आपलीच मुलेबाळे बसलेली असतात. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ यानुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करण्यास मनाई आहे.

उलट बाजूने, गळतीकडे दुर्लक्ष केल्यासही हानी टळत नाही. जादा पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते, तो अतिशय तापतो व आतून वितळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. तेव्हा थोड्या किमतीच्या गॅस्केटची काटकसर किती महागात पडेल, याचा हिशेब सभासदांना सांगावयास नको.

सारांश, हेडर बसविल्यानंतर दिवा लागला तर मापकास दोष देण्यापूर्वी आपण काय बदलले ते आधी पाहावे. काटा हलला म्हणून काटा फेकून देणारा व्यापारी शहाणा नव्हे. आणि काटा हलू नये म्हणून तो बांधून ठेवणारा तर प्रामाणिकही नव्हे. शक्य तेथे मूळची धूरनळी कन्व्हर्टरसह परत बसविणे हेच आम्हास सर्वांत किफायतीचे वाटते.