सागरी पहाऱ्यासाठी वैमानिकरहित विमान

मासेमारीचा हंगाम सुरू झाला की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील अनेक आदिवासी तरुण पोरबंदर, ओखा, वेरावळ या बंदरांकडे खलाशी म्हणून जातात. मासळीच्या मागे जाणारी एखादी नौका नकळत सागरी हद्द ओलांडते आणि खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात अडकून पडतात. सागरी टेहळणी हा विषय म्हणूनच येथील पाड्यांना परका नाही.

किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत आपले अनन्य आर्थिक क्षेत्र पसरले आहे. गस्ती नौकेची नजर क्षितिजापाशी थांबते, तर विमानातील माणसे काही तासांत थकतात. यावर उपाय म्हणून जमिनीवरील कामगिरीसाठी घडविलेल्या वैमानिकरहित विमानाची सागरी कामासाठी पुनर्रचना करण्यात आली. अमेरिकेतील ‘रीपर’ विमानावरून तयार झालेले ‘सी गार्डियन’ हे त्याचे उदाहरण होय.

या पुनर्रचनेत पंखांचा विस्तार सुमारे २० मीटरवरून २४ मीटर करण्यात आला. लांब व अरुंद पंखांमुळे हवेचा अवरोध घटतो आणि थोड्या इंधनात विमान अधिक काळ आकाशात राहते. हे विमान ३० तासांहून अधिक काळ उडू शकते. विजेपासून संरक्षण आणि पंखांवर बर्फ साचू न देण्याची व्यवस्था त्यात आहे. पोटाखालील रडार चहूबाजूंचा समुद्र न्याहाळते, तर दुसरे यंत्र जहाजांचे ओळखसंकेत टिपते. रडारवर दिसणारी, परंतु संकेत न देणारी नौका आढळल्यास कॅमेरा तिच्याकडे वळविला जातो.

भारतीय नौदलाने नोव्हेंबर २०२० मध्ये अशी दोन विमाने भाडेपट्ट्याने घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये या जातीच्या ३१ विमानांच्या खरेदीचा करार झाला. त्यांपैकी १५ नौदलासाठी आहेत. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागानेही ९ जानेवारी २०२५ पासून अनधिकृत मासेमारीवर ड्रोनद्वारे देखरेख सुरू केली. पालघर जिल्ह्यासाठी शिरगाव हे ठिकाण निवडण्यात आले.

तथापि, विमानाला नौका दिसते. ती कोणाची, हे नौकेनेच सांगावे लागते. लहान नौका बहुधा मुक्याच असतात. ट्रान्सपॉन्डर बसवून तो चालू ठेवणे, नौकेची कागदपत्रे व खलाशांची ओळखपत्रे जवळ बाळगणे ही दक्षता प्रत्येक तांडेलाने घेतली पाहिजे. आकाशातील पहारा आणि नौकेवरील दक्षता यांची जोड मिळाली, तरच समुद्रावर गेलेला खलाशी सुखरूप घरी परतेल.